पुशरॉड गेला म्हणून बुलेटचा ठोका गेला का?

२०२० ला रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० नवं, ओव्हरहेड कॅमचं इंजिन घेऊन आली तेव्हापासून एकच तक्रार ऐकतोय, पुशरॉड काढला आणि ठोका गेला. मला हे अजिबात पटत नाही.

जुन्या बुलेटच्या कास्ट आयर्न इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्याचा दांडा) खाली, क्रँकच्या म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या शेजारी असतो. कॅम टॅपेट उचलतो, टॅपेट त्याच्यावरच्या लांब कांडीला म्हणजे पुशरॉडला, ती वर हेडमधल्या (सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागातल्या) रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबतो. ओव्हरहेड कॅममध्ये कॅमच हेडमध्ये नेऊन बसवलाय, खालून फक्त टायमिंग चेन येते, मधली कांडी गायब.

फरक कळतो तो आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढल्यावर. ६००० ला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो, आणि दर वेळी टॅपेट, कांडी, रॉकर हे सगळं वजन वर जाऊन थांबून परत फिरायला हवं, ते परत आणायचं काम स्प्रिंगचं. आरपीएम दुप्पट झाला की त्यासाठी लागणारा जोर चौपट होतो, मग एका हद्दीनंतर स्प्रिंगला झेपत नाही, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि फारच ताणलं तर पिस्टन त्याला जाऊन धडकतो.

पण बुलेट एवढी फिरवतं कोण? कास्ट आयर्ननंतर आलेल्या, पुशरॉडवाल्याच यूसीई इंजिनाचा २८ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४००० ला मिळायचा, नव्या इंजिनाचा २७ एनएम पण ४००० लाच मिळतो. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९० मिमीचा ८५.८ झाला, म्हणजे अजूनही लांबच. ठोका येतो तो लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि सायलेन्सरमधून, कांडीतून नाही. हातापायाला धडधड कमी जाणवते त्याचं मोठं कारण नव्या इंजिनातला बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे धडधड मारणारा उलटा फिरणारा दांडा. (हार्लेने तर २०१६ च्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले तरी पुशरॉड सोडला नाही!)

गेली ती रिपेअरिंगची सोय, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. कास्ट आयर्नला सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण एक नट सोडला की निघतं, इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला टीडीसीवर (अगदी वरच्या टोकाला), मग पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये, झाले टॅपेट सेट, फीलर गेजपण (फट मोजायची पातळ पट्टी) लागत नाही. अर्थात हे काम यूसीईत हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने आपोआप सेट होणारे) टॅपेट आले तेव्हाच संपलं होतं, पुशरॉड शाबूत असताना. हेडचं मात्र तसं नाही. पुशरॉडवाल्यात हेड उतरवा-चढवा, टायमिंगला (व्हॉल्व्ह कधी उघडायचे या जुळणीला) धक्का लागत नाही, ओव्हरहेड कॅममध्ये चेन सोडावी लागते आणि परत बसवताना एक दात जरी पुढेमागे झाला तरी टायमिंग चुकलं.