बासचा ल्यूर: रंगाआधी वजन बघा

ल्यूर म्हणजे नकली आमिष. लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा धातूचा लहानसा मासा, गांडूळ नाहीतर बेडूक, त्याला लावलेले गळ, आणि ओढत आणला की खरं भक्ष्य पोहतंय असं वाटावं अशी घडण. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला लार्जमाउथ बास अशा आमिषावर तुटून पडतो, आणि या एका माशापायी तिथे ल्यूरचा अख्खा उद्योग उभा राहिला आहे. तरीही बासमागे लागलेली बरीच मंडळी विकत आणलेला ल्यूर जसाच्या तसा वापरत नाहीत. कोणी मार्करने ठिपके काढतं, कोणी गळ बदलतं, कोणी तारेचे वेढे देतं, तर कोणी कानस घेऊन बसतं. या खटाटोपातलं किती माशासाठी आणि किती स्वतःच्या हौसेसाठी, हे माशाची इंद्रियं समजून घेतली की बऱ्यापैकी कळतं.

रंगापासून सुरुवात करू, कारण जवळपास सगळेच तिथून करतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, बासच्या डोळ्यांत दोनच. एक प्रकार ५३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा ६१४च्या आसपासच्या तांबड्याला. निळ्यासाठी वेगळी सोय नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना ठरावीक रंग निवडायला शिकवलं आणि मग त्यांची परीक्षा घेतली; हे काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. लाल आणि हिरवा हे रंग माशांनी अचूक ओळखले. पण चार्ट्रूज, म्हणजे तो झगझगीत पोपटी पिवळा, आणि पांढरा यांत त्यांची गफलत झाली. निळ्या-काळ्याचंही तेच. चार्ट्रूज हा ल्यूरच्या बाजारातला अत्यंत लाडका रंग आहे, आणि तो पांढऱ्यापेक्षा सरस की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. बास त्या वादात पडेल असं दिसत नाही.

त्यात पाण्याची भर. स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेतं, त्यामुळे काही मीटर खाली लाल पोटाचा ल्यूर करडा, काळपट होऊन जातो. पण कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अर्क उतरून चहाच्या रंगाचं झालेलं पाणी नेमकं उलट वागतं: तिथे निळा प्रकाश आधी संपतो, आणि तांबडा-नारिंगी जास्त खोलवर टिकतो. म्हणजे पोटाला नारिंगी पट्टा ओढायचाच असेल तर तो अशा तांबूस पाण्यासाठी ओढावा. बाकी ठिकाणी गडद पाठ आणि फिकट पोट एवढा फरक ठेवला की रंगकाम पुरे, असं माझं मत. खवला-खवला रंगवण्यात मजा आहे, हे नाकारत नाही.

गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळ्यांचा उपयोग कमी होतो. तिथे कामाला येते पार्श्वरेषा. माशाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या या रेषेत सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. पाणी जरा हललं की तंतू वाकतात आणि पेशी मेंदूला कळवतात. हे इंद्रिय लांबचं सांगत नाही. माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट अंतरातली हालचाल मात्र ते फार बारकाईने टिपतं. शेवटच्या त्या हातभर अंतरात झेप घ्यायची की तोंड फिरवायचं, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्यामुळे ल्यूर पाणी कसं हलवतो, हा प्रश्न त्याच्या रंगापेक्षा वरचा.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी हे निरीक्षणातून ओळखलं होतं. मोठे मासे छोट्यांच्या थव्यातला अडखळत, डगमगत पोहणारा जखमी मासाच नेमका उचलतात, हे त्यांनी पाहिलं होतं. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडाचा ल्यूर चांभारी सुरीने कोरला, चकाकीसाठी चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून त्याचा थर वर चढवला. चांदी लक्षात राहते, पण खरं काम होतं ते डगमगण्याचं.

क्रँकबेट नावाच्या ल्यूरमध्ये ही डगमग तोंडाखालच्या तिरप्या पट्टीतून येते. दोरा ओढला की पाणी पट्टीवर आपटून ल्यूरचं नाक खाली दाबतं. त्याच वेळी पट्टीच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात, दाब कधी डावीकडे कमी होतो कधी उजवीकडे, आणि ल्यूर हेलकावे खात पुढे येतो. पट्टी शरीराच्या रेषेत सरळ पुढे आलेली असेल तर तो खोल जातो, काटकोनाकडे झुकलेली असेल तर उथळ चालतो. पट्टी घासून छोटी करणारे लोक असतात. चालतं, पण दोन्ही कडा सारख्याच घासल्या गेल्या पाहिजेत. एका बाजूला जरा जास्त कानस लागली की ल्यूर तिरका पळत सुटतो.

तिरका पळणारा ल्यूर सरळ करायला सगळ्यात स्वस्त दुरुस्ती म्हणजे दोरा बांधायची पुढची कडी. मागून बघताना ल्यूर उजवीकडे पळत असेल तर कडी पकडीने किंचित डावीकडे वाकवायची. किंचित म्हणजे डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी. मग जवळच फेकून, जोरात ओढून बघायचं. एका झटक्यात जास्त वाकवली तर ल्यूर दुसऱ्या बाजूला पळतो, आणि पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवलेली कडी सैल होते, ती वेगळीच.

आता वजन. सगळ्यात कमी दिसणारा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा बदल इथे आहे. पाणी थंड झालं की बासचं शरीरही थंड होतं, पचन मंदावतं, आणि तो पाठलाग करायला राजी नसतो. अशा वेळी जर्कबेट वापरतात: लांबट, सडपातळ ल्यूर, दोन झटके देऊन थांबवायचा. थांबल्यावर तो वर तरंगू नये, खाली बुडूही नये, आहे तिथेच लटकून राहावा. आर्किमिडीजच्या भाषेत, ल्यूरचं वजन त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकंच हवं. कारखान्यातून आलेला प्रत्येक नग इतका नेमका असणं अवघड.

म्हणून गळाच्या दांड्यावर शिशाच्या किंवा सोल्डरच्या बारीक तारेचे वेढे देतात. एक वेढा, पाण्यात टाकून बघ, अजून एक वेढा. ल्यूर अगदी सावकाश बुडू लागला की तारेचं टोक नेलकटरने थोडंथोडं कापत मागे यायचं. वेढे पुढच्या गळावर दिले तर ल्यूर नाक खाली करून लटकतो, मागच्या गळावर दिले तर शेपूट खाली जाते, आणि बहुतेकांना नाक किंचित खाली हवं असतं. गळ एक माप मोठा लावला तरी वजन बदलतं, हे बरेच जण विसरतात.

ही चाचणी घरच्या कोमट बादलीत केली तर फसायला होतं. समजा ल्यूर १४ ग्रॅमचा आहे. पाणी २५ अंशांवरून ५ अंश सेल्सिअसवर आलं की ते सुमारे ०.३ टक्के जड होतं, म्हणजे ल्यूरला सुमारे ०.०४ ग्रॅम जास्त उचल मिळते. पण तेवढ्याच थंडीत ल्यूरचं कडक प्लास्टिकही आकसतं, तो कमी पाणी बाजूला सारतो आणि उचल तितक्याच प्रमाणात, कधी त्याहून जास्त घटते. कोण जिंकतं ते प्लास्टिकवर अवलंबून. थंडीत ल्यूर वर येतो की खाली जातो यावर अनुभवी माणसांचंही एकमत नसतं, त्यामागे हे कारण असू शकतं. उपाय सोपा: ज्या पाण्यात वापरायचा त्याच पाण्यात, त्याच दोऱ्यावर तपासायचा. दोराही गणितात धरावा लागतो, कारण फ्लुओरोकार्बनचा दोरा पाण्याच्या पावणेदोन पट घन असतो आणि नाक खाली ओढतो. विणलेला पॉलिथिलीनचा दोरा तरंगतो.

मऊ प्लास्टिकच्या गांडुळांचं शास्त्र वेगळं आहे, पण तिथेही वजनाचीच कथा. ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम यांनी १९४९ साली व्हिनाइलचं गांडूळ बनवलं, तेव्हापासून बासचा हा आवडता घास. आज घरी ओतणारे लोक प्लास्टिसॉल, म्हणजे मऊ प्लास्टिकचं द्रव मिश्रण, साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि त्यात बारीक मीठ मिसळतात. मिठामुळे चव येते असं म्हणतात. नक्की होतं ते एवढं की गांडूळ जड होतं आणि वेगळं शिसं न लावता, अंग थरथरवत आडवं खाली जातं. तापवताना हात आखडता घ्यावा. जास्त तापलं तर हायड्रोजन क्लोराइडची घातक वाफ सुटते, आणि साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर गरम प्लास्टिक अंगावर उडतं. गांडुळाच्या डोक्यात खिळ्यासारखं वजन खुपसायचं असेल तर टंगस्टन चांगलं. त्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, शिशाची ११.३ पट, तेवढ्याच वजनाचा तुकडा जेमतेम साठ टक्के जागेत मावतो. शिसं गिळलेले पाणपक्षी विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत शिशाच्या लहान वजनांवर बंदीही आहे.

इतकं सगळं जुळवूनही एखादा बास ढुंकून बघत नाही. इलिनॉयमधल्या रिज लेकवर १९७०च्या दशकात चार वर्षं पकडलेल्या प्रत्येक बासची नोंद ठेवून त्याला परत सोडलं गेलं. तळं रिकामं केल्यावर १,७००हून जास्त बास निघाले, आणि त्यांतले सुमारे २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते. सहज फसणारे आणि न फसणारे असे दोन वंश पुढे तीन पिढ्या वेगळे वाढवले, तर दोघांतला फरक वाढतच गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक आहे.

पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. बासमध्ये घरट्याची राखण नर करतो, आणि जे नर ल्यूरवर सहज झेप घेतात तेच पिलांचीही जास्त दक्षतेने राखण करतात. घरट्यावरून उचललेला नर परत येईपर्यंत दुसरे मासे अंडी-पिल्लं खाऊन टाकतात. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी विणीच्या काळात बास पकडायला मनाई असते ती यासाठीच. जिथे मनाई नाही, तिथे त्या दिवसांत ल्यूरमध्ये करण्याजोगा बदल एकच: तीन काट्यांचे गळ काढून एकेरी गळ लावायचे आणि त्यांची उलटी नांगी पकडीने चेपून टाकायची, म्हणजे नर क्षणात सुटतो आणि घरट्याकडे परत जातो.