सा आणि रे एकाच वेळी: लिथुआनियाच्या सुतार्तिने

एकाने सा धरायचा, शेजारच्याने त्याच वेळी रे, आणि दोघांनीही हटायचं नाही. कानाला जे बोचतं, त्यावरच ईशान्य लिथुआनियातल्या औक्श्ताइतियाच्या बायकांनी अख्खी गायनपरंपरा उभी केली. तिचं नाव ‘सुतार्तिने’. ज्या क्रियापदावरून ते आलं, त्याचा अर्थ जुळणं, एकमत होणं. गंमतच आहे!

तिघींच्या प्रकारात पहिली बाई ओळ म्हणते. ती धृपदावर पोचली की दुसरी ओळ उचलते. दुसरी धृपदावर आली की तिसरी सुरू होते आणि पहिली थांबते. म्हणजे एकदा चक्र फिरू लागलं की ऐकू येतात दोनच आवाज, एक ओळीचा, एक धृपदाचा, बहुतेकदा एकमेकांना अगदी खेटून. धृपदात ‘सदौतो’सारखे बिनअर्थाचे शब्द. नीट जमलं की घंटा वाजल्यासारखं वाटतं, असं गाणाऱ्या बायका म्हणत. पुरुष अशीच गुंफण स्कुदुचेइ नावाच्या लाकडी नळ्यांवर करत. एका वादकाकडे एखाद-दुसराच स्वर.

एकोणिसाव्या शतकात गोड सुरावटींच्या समूहगायनाची चाल पडली आणि हे गाणं बेसूर ठरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते गावांतून जवळपास उठलंच. या मूर्तिपूजक काळाची आठवण सांगणाऱ्या गाण्यांचा मोठा संग्रह केला तो आदोल्फास साबाल्याउस्कास या कॅथलिक धर्मगुरूने. तो १९११ आणि १९१६ साली हेलसिंकीत छापला गेला. पुढे झेनोनास स्लाव्यूनास यांनी १९५८-५९मध्ये तीन खंड काढले.

संगीतकारांच्या हाती आता कच्चा माल आला. जुन्या कानांना जे खटकलं, तेच आधुनिक कानांना हवं होतं: टोचणारे स्वर, तोच तुकडा पुन्हा पुन्हा, मागोमाग येणारे आवाज. ब्रोन्युस कुताविच्युस यांनी १९७८मध्ये, सोव्हिएत राजवटीत, ‘मूर्तिपूजकांचे अखेरचे विधी’ लिहिलं. गायकवृंद, सोप्रानो म्हणजे उंच पट्टीची गायिका, चार हॉर्न आणि ऑर्गन, एवढाच संच. पुढच्या पिढीतल्या रीतिस माझुलिस यांनी आपल्या कॅननमध्ये, म्हणजे एकच धून मागोमाग उचलणाऱ्या आवाजांच्या रचनांमध्ये, स्वरांमधलं अंतर आणखी आवळलं, अर्ध्या स्वराहूनही कमी. मला ते ऐकताना दात शिवशिवल्यासारखं होतं, पण बंद करवत नाही.

सुतार्तिनेंना २०१०मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. कुताविच्युस यांच्या रचनेत मात्र शेवट वेगळा आहे. मंत्रासारखं गाणं चालूच असतं, ऑर्गनवर चर्चची धून चढत जाते, आणि हळूहळू तीच उरते.