एफआयपी: मांजरांच्या या आजारावर औषध यायला एवढी वर्षं का लागली

पोट फुगलेलं, ताप अँटिबायोटिकने हलत नाही, पाठीचा कणा हाताला लागतोय आणि सिरिंजमध्ये पिवळं चिकट पाणी येतंय, असं झालं की एफआयपी (फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, मांजरांना व्हायरसमुळे होणारा जीवघेणा आजार) हे नाव कानावर पडतं, आणि 2019 च्या आधी हे नाव घेतल्यावर डॉक्टर सरळ हात टेकायचे.

या आजाराचं वर्णन पहिल्यांदा केलं बॉस्टनच्या प्राण्यांच्या डॉक्टर जीन होल्झवर्थ यांनी, 1963 मध्ये. व्हायरस कोरोनाच्या कुटुंबातला आहे हे पुढे कळलं आणि खरा गोंधळ तिथेच आहे, कारण साधा कोरोना कितीतरी मांजरांच्या आतड्यात असतो, फार तर जुलाब होतात, पण थोड्याच मांजरांमध्ये तो अंगातल्या अंगात बदलतो आणि पांढऱ्या पेशींमध्ये वाढायला लागतो. म्हणून नुसती अँटीबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे एफआयपी झाला असं नाही. तेवढ्या एका रिपोर्टवरून ज्या मांजरांना कायमचं झोपवलं गेलं त्यांचा विचार आला की पोटात तुटतं.

त्यामानाने रिव्हाल्टा टेस्ट जुनी पण कामाची. टेस्ट ट्यूबमध्ये डिस्टिल्ड वॉटर, त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा एक थेंब, वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब. तो विरघळून गेला तर एफआयपीची शक्यता बरीच कमी, तसाच लोंबकळत राहिला किंवा हळूहळू तळाशी गेला तर संशय पक्का होतो, पण खात्री नाही. मग अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं प्रमाण, पीसीआर, बायोप्सी असं सगळं जोडून बघावं लागतं. पोटात पाणी नसलेला ड्राय प्रकार तर अजूनच अवघड.

उपचाराचं दार उघडलं ते कॅलिफोर्नियातले प्राण्यांचे डॉक्टर नील्स पेडरसन यांनी, अख्खं करिअर या आजारावर घालवलेला माणूस. 2019 च्या त्यांच्या अभ्यासात 31 मांजरांना जीएस-441524 या व्हायरसविरोधी औषधाची इंजेक्शनं दिली, कोर्स किमान 12 आठवड्यांचा, आणि त्यातली 25 पुढे नीट जगली! रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर ज्यात बदलतं तेच हे औषध. पण मूळ कंपनीने ते मांजरांसाठी बाजारात आणलंच नाही, त्यामुळे लोक ब्लॅक मार्केटमधून, आत नक्की काय आहे याची खात्री नसलेल्या बाटल्या घेऊन, कळवळणाऱ्या मांजराला धरून 84 दिवस रोज घरीच टोचत राहिले. औषध माहीत असूनही लोकांवर ही वेळ आली याचा मला आजही राग येतो.

ब्रिटनमध्ये 2021 ला ते कायदेशीर मिळू लागलं, अमेरिकेत जून 2024 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. मधे 2023 ला सायप्रसमध्ये एफआयपीची मोठी साथ आली तेव्हा सरकारने माणसांसाठी आणलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. 2024 मध्ये जर्मनीतल्या अभ्यासात पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या 40 मांजरांना तोंडाने औषध दिलं, तर 42 दिवसांचा कोर्सही 84 दिवसांइतकाच चालला. डोळ्यात किंवा मेंदूत पसरलेल्या केसेसना मात्र डोस जास्तच लागतो.