ऑबिदुशचा चॉकलेट महोत्सव : सहलीला निघण्यापूर्वी वाचायचं पत्रक

नमस्कार.

पोर्तुगालच्या सहलीत नाव नोंदवलं की बहुतेकजण आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतात, "चॉकलेटच्या गावाला अर्धा दिवस पुरेल ना? तिथे मुक्काम कशाला?" त्याचं उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आमचे गट लहान असतात, वर्षाला जेमतेम दोन-तीन. त्यामुळे पत्रक वाचून कुणाला काही विचारावंसं वाटलं तर नि:संकोच विचारा.

ऑबिदुश लिस्बनच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर आहे, बसने तासाभराहून थोडं जास्त. टेकडीच्या टोकाला किल्ला आणि तिथून निघून सगळ्या गावाला वेढा घालणारा दगडी तट. आत पांढरी घरं, घरांच्या पायथ्याला निळा किंवा पिवळा पट्टा. हे गाव मुळात चॉकलेटचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. महोत्सव सुरू झाला २००२ साली, नगरपालिकेच्या पुढाकाराने. गाव मात्र ११४८ मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजाने, अफोन्सु एन्रिकेशने, मूरांकडून (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सत्ताधाऱ्यांकडून) जिंकलं, तेव्हाही जुनंच होतं. (अफोन्सु म्हणजे आपल्या हापूसमधलं तेच नाव. आंब्याला ते मिळालं त्याच नावाच्या दुसऱ्या एका अफोन्सुवरून, गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कवरून.) पुढे १२८२ च्या सुमारास राजा दिनिशने हे गाव आपल्या नव्या राणीला, इझाबेलला, लग्नाची भेट म्हणून दिलं. तेव्हापासून १८३४ पर्यंत ऑबिदुश राण्यांच्या मालकीचं राहिलं. लोक आजही त्याला राण्यांचं गाव म्हणतात.

महोत्सवात काय असतं

महोत्सव अलीकडे वसंतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास भरतो आणि बहुधा शुक्रवार ते रविवार असतो. तारखा जाहीर झाल्यावरच आम्ही विमानाची तिकिटं काढतो, म्हणून आमच्या सहलीची तारीख उशिरा ठरते. प्रवेशाला तिकीट आहे, ते सहलीच्या पैशांत धरलेलं आहे.

दर वर्षी एक विषय ठरतो आणि त्यावर चॉकलेटचे मोठाले पुतळे घडवले जातात. त्यांना हात लावू नका. कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं आणि माणसाच्या बोटाची ऊब त्याच्या जवळपासच असते. नुसतं टेकलेलं बोटही ठसा सोडून जातं.

पुतळ्यांपेक्षा आम्हाला जास्त आवडतं ते चॉकलेट "बसवणाऱ्या" कारागिराशेजारी उभं राहणं. असा कारागीर कुठे दिसला तर दहा मिनिटं थांबाच. वितळलेलं काळं चॉकलेट तो संगमरवरी ओट्यावर ओततो आणि रुंद पात्याने पसरवतो, गोळा करतो, पुन्हा पसरवतो. ४५ अंशांच्या वर गेलेलं चॉकलेट २७-२८ वर आणायचं आणि मग हलकेच ३१-३२ पर्यंत चढवायचं, हा त्याचा सगळा खेळ. लोण्याचे स्फटिक अनेक तऱ्हांनी जमू शकतात. त्यातली एकच तऱ्हा चकाकी देते आणि तुकडा मोडताना "कट्" असा आवाज देते. आपल्याकडे पाक एकतारी झाला की नाही हे बोटांत धरून बघतात, तसा तो चॉकलेट ओठाखाली टेकवून बघतो. गार लागलं पाहिजे.

चॉकलेटच्या पेल्यातली जिंजा

मुख्य रस्त्यावर दारोदारी ही पाटी दिसेल. जिंजा म्हणजे आंबट चेरी मद्यात साखरेबरोबर मुरवून केलेलं गडद लाल पेय. ते अंगठ्याएवढ्या चॉकलेटच्या पेल्यात देतात. आधी पेय प्यायचं, मग पेला खायचा. पेला रेंगाळत हातात धरला तर कडा मऊ पडते आणि बोटं माखतात. हे सरबत नाही. वाइनपेक्षा कडक असतं, वीस टक्क्यांच्या आसपास. मुलांना देऊ नका आणि औषधं चालू असतील तर स्वतःही टाळा. न पिणाऱ्यांना बहुतेक दुकानदार नुसता पेला आनंदाने देतात, आम्ही तसं मागून घेतो.

खाण्यापिण्याबद्दल

गटातले निम्मे लोक शाकाहारी असतात, म्हणून स्पष्ट लिहितो. पोर्तुगीज मिठाईचा पाया अंड्याचा बलक आहे. मठांमध्ये पांढरा भाग कपड्यांना खळ द्यायला वापरत आणि उरलेल्या बलकाची साखर घालून मिठाई होई. गोव्याची बिबिंक खाल्ली असेल तर ही चव ओळखीची वाटेल, ती त्याच वळणाची आहे. काही जुन्या पदार्थांत डुकराची चरबीही असते, तिचा शब्द "बान्या". अंडं म्हणजे "ओवु". "सें ओवु" म्हटलं की अंडं नको, "सें आल्कोल" म्हटलं की दारू नको. हे शब्द पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं कार्ड आम्ही प्रत्येकाला देतो, दुकानात दाखवलं की काम होतं. भूक लागली आणि काहीच सुचलं नाही तर पाव मागा. तो शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतलाय, बटाटासुद्धा.

मुक्काम कशासाठी

महोत्सवाच्या दिवशी दुपारी मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सहलीच्या बसगाड्या संध्याकाळी परततात आणि मग गाव मोकळं होतं. आपण तेव्हा फिरायला निघतो. गावाच्या वेशीत शिरताना रस्ता काटकोनात वळतो, शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून, जशी आपल्या गडांच्या दरवाज्यांची वळणं. वर मान केली की अठराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं दिसतात.

सकाळी सांता मारिया चर्च. १४४१ मध्ये राजा पाचवा अफोन्सु आणि त्याची चुलत बहीण इझाबेल यांचं लग्न इथे लागलं, दोघंही तेव्हा लहान मुलं होती. वेदीवरची काही चित्रं झोझेफा द ऑबिदुश या चित्रकर्तीची आहेत. जन्म १६३० चा, स्पेनमधल्या सेव्हियाचा, पण आयुष्य आणि नाव याच गावाचं. सतराव्या शतकात एक बाई स्वतःच्या नावावर चित्रकलेचा व्यवसाय करते, हीच केवढी गोष्ट. तिची सर्वांत गाजलेली चित्रं मिठाईची आहेत, ताटात मांडलेले केक, साखरेची बोरं, डबे, फुलं. ती या गावात नाहीत, पण ती काढणारी इथेच राहून गेली. चॉकलेटच्या गर्दीत तिचं नाव कुणी घेत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम घेतो.

वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. सांतियागु चर्चमध्ये आता पुस्तकांचं दुकान आहे आणि २०१५ पासून ऑबिदुश युनेस्कोचं साहित्यनगर आहे.

तटावरून चालता येतं, फेरी साधारण दीड किलोमीटरची. पण आतल्या बाजूला कठडा नाही. गुडघेदुखी, चक्कर किंवा उंचीची भीती असेल तर खालीच थांबा, लहान मुलांना वर अजिबात नेऊ नका. रस्ते गोट्यांचे, घसरडे आहेत. चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला.

कोकोबद्दल एक गोष्ट

पोर्तुगाल आणि चॉकलेटचं जुनं नातं ऑबिदुशमध्ये नाही, ते आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या साँउ तुमे आणि प्रिंसिपे बेटांवर आहे. १८२२ मध्ये पोर्तुगीजांनी ब्राझीलहून तिथे कोको नेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चिमुकली बेटं जगात सर्वांत जास्त कोको पिकवत होती. मळ्यांवर अंगोलातून आणलेले मजूर राबत, त्यांना परत जाता येत नसे. नावाला करार, पण ती गुलामीच होती. १९०९ मध्ये कॅडबरीसह इंग्लंडच्या चॉकलेट कंपन्यांनी तिथला कोको घेणं थांबवलं. बेटं १९७५ मध्ये स्वतंत्र झाली. साँउ तुमेच्या कोकोची वडी दुकानात दिसली तर आम्ही ती घेतो, आणि मुलांना बसमध्ये ही गोष्ट सांगतो.

घरी आणताना

दोन वर्षांपूर्वी सहलीनंतर एका ताईंचा फोन आला, "चॉकलेटला बुरशी आली, सगळं फेकलं." ती बुरशी नव्हती. उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये चॉकलेट वितळलं आणि पुन्हा घट्ट होताना लोणी वर येऊन पांढरट थर बसला. चव थोडी उतरते, पण खाल्लं तर अपाय नसतो. ही चूक आमची होती, आम्ही आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून आम्ही बसमध्ये थंड पेटी ठेवतो. घरी आल्यावर चॉकलेट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर त्यावर पाणी सुटतं.

जिंजाची बाटली मोठ्या बॅगेतच ठेवा. चॉकलेटचा मऊ लेपसुद्धा विमानतळावर द्रवात मोजतात, शंभर मिलीहून मोठी बरणी हातातल्या बॅगेत चालत नाही.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांनी कार्यालयात चहाला यावं. पोर्तुगीज कार्डं तेव्हाच देऊ. काय खात नाही, कोणती औषधं चालू आहेत आणि जिने किती चढवतात, हे त्या दिवशी मोकळेपणाने सांगा, म्हणजे तटावर कोण येणार आणि खाली चहाच्या दुकानात कोण थांबणार, ते इथेच ठरवून टाकू.