पेसमेकरचा सेल

पेसमेकर (मंद पडलेल्या हृदयाचे ठोके विजेने चालू ठेवणारं यंत्र) बसवलेल्या माणसाच्या घरात ‘जनरेटर रिप्लेसमेंट’ असं कुणी म्हणत नाही. ‘यंदा आजोबांचा सेल बदलायचाय’ एवढंच म्हणतात. शब्द भिंतीवरच्या घड्याळाचा, पण नेमका. या यंत्राच्या इतिहासात पुन्हा पुन्हा एकच अडचण आली: वीज कुठून आणायची आणि ती किती दिवस पुरवायची.

हृदयाची वीज त्याची स्वतःची असते. उजवीकडच्या वरच्या कप्प्यातल्या पेशींच्या एका पुंजक्यातून ती निघते आणि खालच्या कप्प्यांपर्यंत उतरते. ही वाट मध्येच तुटली की त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. (रक्तवाहिनीतलं ‘ब्लॉकेज’ वेगळं. आपल्याकडे दोन्हींची सर्रास गल्लत होते.) ठोके मिनिटाला 30-40 वर येतात, घेरी येते, माणूस उभ्याचा कोसळतो.

1952 मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवर बाहेरून विजेचे झटके देऊन असे ठोके चालू ठेवले. जीव वाचायचा, पण झटके दुखायचे, कातडी भाजायची. यंत्र भिंतीतल्या प्लगवर चाले, म्हणजे वायर पुरेल तिथवरच रुग्ण हलणार. मिनियापोलिसचे सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी शस्त्रक्रियेनंतर ब्लॉक झालेल्या मुलांच्या हृदयालाच तार जोडली. झटका सौम्य झाला, प्लग मात्र सुटला नाही. 31 ऑक्टोबर 1957 ला शहराची वीज गेली. लिलेहाय यांनी इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन यांना गाठलं. बाकननी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आलेलं मेट्रोनोमचं सर्किट घेतलं आणि गॅरेजमध्ये बसून काही आठवड्यांत सेलवर चालणारी छोटी डबी बनवली. संगीतशिक्षकाचा ताल धरणारं सर्किट मुलांच्या हृदयाचा ताल धरू लागलं.

तिकडे स्वीडनमध्ये 43 वर्षांचे आर्ने लार्सन दिवसातून वीस-वीस वेळा बेशुद्ध पडत होते. शरीरात बसवता येईल असं यंत्र अजून तयार नाही, असं सर्जन ऑके सेनिंग आणि इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट सांगत होते. लार्सन यांची पत्नी एल्से-मारी ऐकेना. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, तिने त्यांचा पिच्छाच पुरवला. मला या सगळ्या कथेत तीच मोठी वाटते. शेवटी एल्मक्विस्टनी बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात एपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) ओतलं आणि 8 ऑक्टोबर 1958 ला ते यंत्र लार्सन यांच्या पोटात बसलं. काही तासांतच बंद पडलं! दुसरं बसवलं. त्यातला सेल शरीराबाहेरून चार्ज करावा लागे. पुढे आयुष्यभरात लार्सन यांनी वीसहून अधिक यंत्रं बदलली. 2001 मध्ये ते 86 व्या वर्षी कर्करोगाने गेले. तोवर सर्जन आणि इंजिनिअर दोघेही जाऊन चुकले होते.

साठच्या दशकातले पाऱ्याचे सेल दोनेक वर्षांत संपत, की पुन्हा टेबलावर. याला कंटाळून 1970 मध्ये पॅरिसमध्ये चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. तो टिकायचा, पण माणूस गेल्यावर ते प्लुटोनियम परत मिळवायची जबाबदारी कुणाची? उत्तर साधं निघालं. अमेरिकन इंजिनिअर विल्सन ग्रेटबॅच यांनी पुढे आणलेला लिथियम-आयोडिनचा सेल 1972 पासून वापरात आला. त्यातून वायू सुटत नाही, म्हणून यंत्र टायटॅनियमच्या डबीत पक्कं बंद करता आलं. आता सेल साधारण सात-दहा वर्षं जातो. बदलताना तारा ठीक असतील तर त्या तशाच ठेवतात. खांद्याखालची जागा बधिर करून फक्त डबी बदलतात.

पण हा बंद सेल चितेवर फुटतो. म्हणून दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, आणि घरच्यांनी हे आठवणीने सांगावं लागतं. काढलेल्या यंत्रात कित्येकदा वर्षानुवर्षांची वीज शिल्लक असते. अमेरिकेत काढलेले, किमान 3 वर्षांचा सेल उरलेले डिफिब्रिलेटर (पेसमेकरचीच भावंडं, जीवघेण्या वेगवान ठोक्यांवर शॉक देणारी) निर्जंतुक करून मुंबईत 81 गरजू रुग्णांना बसवले गेले. 2012 मध्ये त्याचा अहवाल आला. एकालाही संसर्ग झाला नव्हता. कंपन्यांच्या लेखी मात्र हे यंत्र आजही एकदाच वापरायचं आहे.