कव्हरवर एक नाव, खोलीत चौघे: ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ची पार्श्वभूमी

आकाशवाणीवर भावगीत लागलं की निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगत. त्या सवयीवर वाढलेल्या कानाला रॉक संगीतातला ‘सोलो अल्बम’ हा शब्द जरा खटकतो. कव्हरवर मोठ्या अक्षरांत एकच नाव असतं. चाल कोणी बांधली, शब्द कोणाचे, हे मागच्या बाजूला बारीक अक्षरांत शोधावं लागतं. इंग्लिश रॉक गायक ऑझी ऑस्बोर्नचा ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ ऐकताना मला हे दर वेळी आठवतं. ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडने घरचा रस्ता दाखवल्यावर सप्टेंबर १९८० मध्ये आलेला हा त्याचा पहिला अल्बम. एका कोसळलेल्या माणसाने एकट्याने घेतलेली भरारी अशी त्याची गोष्ट सहसा सांगितली जाते. कोसळणं खरं, भरारीही खरी. ‘एकट्याने’ मात्र खरं नाही.

मुळात ऑझी एकट्याने गाणी रचणारा कधीच नव्हता. ३ डिसेंबर १९४८ चा त्याचा जन्म, आणि वाढला तो बर्मिंगहॅममधल्या ॲस्टन या कामगार वस्तीत. वडील अवजारं बनवणारे कारागीर, आई कारखान्यात. मुलाला डिस्लेक्सिया, पण त्या काळी शाळेत तो ओळखणारं कोणी नव्हतं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. कत्तलखान्यात काम केलं, मोटारींचे हॉर्न तपासले, घरफोडीपायी काही आठवडे तुरुंगातही काढले. गिटारवादक टोनी आयोमी, बासवादक गीझर बटलर आणि ड्रमर बिल वॉर्ड ही त्याच परिसरातली मुलं. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. या चौघांच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला आणि रॉक संगीताचा रंग गडद झाला.

त्या बँडमधली कामाची वाटणी इथे महत्त्वाची आहे. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी, आयोमीचे, शब्द बहुतेक बटलरचे आणि त्या रिफवर गाण्याची ओळ शोधणारा गळा ऑझीचा. शब्द लिहून काढणं त्याला जमत नसे, पण वाद्यांचा गजर चालू असताना त्यातून गुणगुणत वाट काढणं जमत असे. ही देणगी मोठी आहे. फक्त तिला दुसऱ्याच्या रिफची आणि तिसऱ्याच्या शब्दांची गरज असते. म्हणून ऑझी बँडबाहेर पडला तेव्हा त्याची नुसती नोकरी गेली नाही, त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या झाल्या.

बाहेर पडणंही एका फटक्यात झालं नाही. १९७७ च्या अखेरीस तो स्वतःहून निघून गेला, काही आठवडे दुसरा गायक आला आणि मग ऑझी परतला. जानेवारी १९७८ मध्ये वडील गेले. त्या दुःखातच टोरांटोला ‘नेव्हर से डाय!’ या अल्बमचं रेकॉर्डिंग झालं. दौऱ्यावर सुरुवातीला व्हॅन हेलन हा नवा कोरा अमेरिकन बँड वाजवत असे आणि त्यांच्या उत्साहापुढे सॅबथ थकलेला दिसे. नोव्हेंबरमध्ये नॅशव्हिलला कार्यक्रमाच्या वेळी ऑझीचा पत्ताच नव्हता. हॉटेलात चुकीच्या खोलीत तो गाढ झोपला होता. नव्या अल्बमसाठी सगळे लॉस एंजेलिसला जमले तेव्हा दारू आणि कोकेन चौघांच्याही अंगवळणी पडलं होतं. काम पुढे सरकेना, आणि २७ एप्रिल १९७९ ला ऑझीला काढण्यात आलं. निरोप सांगायचं काम बिल वॉर्डवर आलं, म्हणजे चौघांतल्या त्याच्या सर्वांत जवळच्या मित्रावर. दोषाचं माप एकट्या ऑझीच्या पदरात टाकणं मला पटत नाही. नशा सगळेच करत होते, गायकाची फक्त लोकांना दिसत होती.

पुढचे तीन महिने त्याने लॉस एंजेलिसच्या हॉटेलात पडदे ओढून दारूत घालवले. आता बर्मिंगहॅमला परत जायचं आणि संपलं सगळं, असं त्याला वाटत होतं, हे त्यानेच पुढे सांगितलं आहे. सॅबथचं व्यवस्थापन तेव्हा डॉन आर्डेन या दबदब्याच्या व्यवस्थापकाकडे होतं आणि जेट रेकॉर्ड्स ही कंपनीही त्याचीच. त्याची मुलगी शॅरन ऑझीच्या मागे लागली, त्याला उभं केलं आणि नवा बँड बांधायला लावलं. याच शॅरनशी ऑझीने जुलै १९८२ मध्ये लग्न केलं.

मग आला रँडी रोड्स. वय जेमतेम बावीस, अंगकाठी किरकोळ. नॉर्थ हॉलीवूडमध्ये त्याची आई डेलोरेस ‘म्युझोनिया’ नावाची संगीतशाळा चालवत असे. रँडी तिथेच शिकला आणि तिथेच मुलांना गिटार शिकवू लागला. क्वाएट रायट या त्याच्या बँडचे दोन अल्बम फक्त जपानमध्ये निघाले होते, अमेरिकेत त्यांना कंपनी मिळत नव्हती. ऑझीला भेटायला तो फारशा उत्सुकतेने गेलाच नव्हता. नुसते हात मोकळे करायला त्याने चार सुरावटी वाजवल्या आणि तेवढ्यावर त्याची निवड झाली, असं ऑझी सांगे. नशेतल्या माणसाची आठवण म्हणून ती थोडी ताडून घ्यावी, पण निवड चुकली नव्हती एवढं नक्की.

बासवादक बॉब डेझली ऑस्ट्रेलियाचा. रेनबोसारख्या बँडमध्ये वाजवून आलेला, मुरलेला गडी. जेट रेकॉर्ड्सच्या ओळखीतून तो ऑझीला भेटला. ड्रमर काही केल्या मिळेना. अनेकांना ऐकून झाल्यावर युराया हीपमधून बाहेर पडलेला ली कर्स्लेक आला आणि चौकडी जमली. हाच कर्स्लेक पुढे पुन्हा युराया हीपमध्ये गेला आणि १९८३ साली तो बँड भारतात वाजवायला आला तेव्हा ड्रमवर होता. म्हणजे या चौघांतला एक हात आपल्याकडच्या काही श्रोत्यांनी समोर बसून ऐकला आहे.

गाणी कशी तयार झाली हे समजून घेण्यासारखं आहे. रँडी रिफ वाजवायचा, त्यावर ऑझी जे तोंडात येईल ते गुणगुणायचा, चाल हाती लागायची. मग डेझली त्या चालीच्या मापात शब्द बसवायचा. चाल आधी, शब्द मागाहून, आपल्याकडे कित्येक गाणी अशीच झाली आहेत. ‘क्रेझी ट्रेन’ हे नावसुद्धा तालमीतलं. रँडीच्या ॲम्प्लिफायरमधून आगगाडीसारखी धडधड येऊ लागली आणि त्यावरून हे शब्द निघाले, असं डेझली सांगतो. गाणं वरवर वेडाबद्दल आहे. आतून ते शीतयुद्धाच्या काळात बाँबच्या सावलीत वाढलेल्या पिढीबद्दल आहे आणि ते शब्द डेझलीचे आहेत. सुरुवातीचा रिफ एफ शार्प मायनरमधला, काळोखा. कडवं सुरू होताच गाणं ए मेजरच्या उजेडात येतं. सॅबथमध्ये हा उजेड क्वचितच मिळायचा.

‘गुडबाय टू रोमान्स’ हा ऑझीने जुन्या सोबत्यांना दिलेला निरोप. ‘मिस्टर क्राउली’च्या आरंभीची चर्चमधल्या ऑर्गनसारखी सुरावट डॉन एअरीची, तो पाहुणा वादक होता. त्या गाण्यातले रँडीचे दोन सोलो, म्हणजे एकट्या गिटारने पुढे येऊन वाजवलेले तुकडे, ऐकताना शास्त्रीय संगीताचा रियाझ रॉकच्या कडकडाटात कसा मिसळतो ते कळतं. मधेच ‘डी’ नावाचा मिनिटाहून छोटा, नुसत्या गिटारवरचा तुकडा येतो. आईसाठी मुलाने वाजवलेला. एवढ्या गदारोळात कंपनीने तो राहू दिला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

‘सुइसाइड सोल्युशन’वर पुढे अमेरिकेत खटला झाला. एका तरुणाच्या आत्महत्येला हे गाणं जबाबदार आहे, असा त्याच्या कुटुंबाचा आरोप होता. न्यायालयाने १९८६ मध्ये दावा फेटाळला, १९८८ मध्ये अपिलातही तेच झालं. इंग्रजीतल्या त्या ‘सोल्युशन’ शब्दाचे अर्थ दोन, उपाय आणि द्रावण. गाण्यात अर्थ दुसरा आहे: दारू हेच आत्मघाताचं द्रावण. फेब्रुवारी १९८० मध्ये दारूपायी गेलेल्या एसी/डीसी या बँडच्या गायकावरून, बॉन स्कॉटवरून, हे गाणं सुचलं, असं ऑझी म्हणे. आपण ते ऑझीकडे बघूनच लिहिलं, असं डेझलीचं म्हणणं. दुसरं खरं असेल, तर एका माणसाने आपल्या मित्राला दिलेला इशारा त्या मित्राच्याच आवाजात रेकॉर्ड झाला आहे.

रेकॉर्डिंग मार्च-एप्रिल १९८० मध्ये लंडनच्या दक्षिणेला रिज फार्म स्टुडिओत झालं. आधी आणलेला निर्माता जमला नाही, तेव्हा तिथल्याच मॅक्स नॉर्मन या इंजिनिअरने सूत्रं हाती घेतली. रँडी आपले सोलो एकदा वाजवून थांबत नसे. तेच सूर, तीच वळणं पुन्हा वाजवून तो एकावर एक चढवायचा, म्हणून ते इतके भरीव लागतात. निर्माते म्हणून अल्बमवर चौघांचीही नावं आहेत. गाणी ऑझी, रँडी आणि डेझली यांच्या नावावर. कर्स्लेकचं नाव फक्त ‘नो बोन मूव्हीज’ या एका गाण्याला मिळालं.

कव्हरचा वाद इथूनच सुरू होतो. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हे बँडचं नाव असणार होतं, तशीच आमची बोलणी झाली होती, असं डेझली आणि कर्स्लेक कायम सांगत आले. छापून आलं तेव्हा ‘ऑझी ऑस्बोर्न’ हे मोठ्या अक्षरांत होतं आणि बँडचं नाव अल्बमचं नाव झालं होतं. व्यवहाराच्या दृष्टीने हे समजू शकतं. लोक ऑझीला ओळखत होते, रँडी रोड्सला नाही. पण त्या एका निर्णयाने तिघेजण भागीदार न राहता पगारी वादक झाले.

सॅबथनेही हातपाय गाळले नव्हते. रॉनी जेम्स डिओ या नव्या गायकाला घेऊन त्यांनी एप्रिल १९८० मध्ये ‘हेवन अँड हेल’ काढला आणि तो ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेला. ऑझीचा अल्बम सातव्या. एका फुटलेल्या बँडमधून एकाच वर्षात असे दोन अल्बम निघाल्याचं उदाहरण मला दुसरं आठवत नाही. अमेरिकेत ‘ब्लिझर्ड’ मार्च १९८१ मध्ये आला आणि पुढे तिथे त्याच्या ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. कंपनीच्या बैठकीत ऑझीने कबुतराचं मुंडकं दाताने तोडलं, हा किस्सा त्याच दिवसांतला. तो लोकांनी इतका उगाळला आहे की त्यापायी गाणी मागे पडतात.

दुसरा अल्बम, ‘डायरी ऑफ अ मॅडमन’, त्याच चौघांनी त्याच स्टुडिओत १९८१ च्या सुरुवातीला पुरा केला. तो बाजारात येण्याआधीच डेझली आणि कर्स्लेक यांना काढलं गेलं. अल्बम आला तेव्हा वादक म्हणून रुडी सार्झो आणि टॉमी ॲल्ड्रिज यांची नावं छापलेली होती. त्यांनी त्यातला एकही सूर, एकही ठोका वाजवलेला नव्हता. १९ मार्च १९८२ ला फ्लोरिडात लीसबर्गजवळ एक छोटं विमान बँडच्या बसवरून अगदी खालून उडवण्याच्या नादात बसला धडकून कोसळलं. त्यात रँडी रोड्स गेला. तो २५ वर्षांचा होता.

श्रेय आणि रॉयल्टीसाठी डेझली आणि कर्स्लेक यांची भांडणं वर्षानुवर्षं चालली. ऐंशीच्या दशकात जेट रेकॉर्ड्सविरुद्ध त्यांच्या पदरात काही पडलं, ऑस्बोर्न कुटुंबाविरुद्धचा नंतरचा दावा मात्र फेटाळला गेला. दाव्याच्या त्या काळातच, २००२ साली, दोन्ही अल्बमची नवी आवृत्ती निघाली. तिच्यातून या दोघांचं वादन चक्क पुसून टाकून रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून बास आणि ड्रम नव्याने वाजवून घेतले होते. दोघेही उत्तम वादक. पण रँडीचा सोलो ज्या ठोक्यांना टेकून उभा होता ते ठोकेच काढून घेतल्यावर काय उरतं? चाहते संतापले. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं.

आयुष्याच्या शेवटी कर्स्लेकला कर्करोगाने गाठलं. त्याने ऑझी आणि शॅरनना पत्र लिहून एकच मागणं मागितलं: त्या दोन अल्बमच्या, मोठ्या खपाचा मान म्हणून दिल्या जाणाऱ्या प्लॅटिनम तबकड्या आपल्या भिंतीवर लावायला मिळाव्यात. त्या त्याला पाठवण्यात आल्या, सोबत ऑझीची प्रेमळ चिठ्ठी होती. सप्टेंबर २०२० मध्ये कर्स्लेक वारला.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर, लहानपणच्या घराजवळच, ऑझीचा शेवटचा कार्यक्रम झाला. पार्किन्सनमुळे उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. रात्रीच्या अखेरीस आयोमी, बटलर आणि वॉर्ड यांच्याबरोबर सॅबथची चार गाणी झाली. त्याआधी तो आपल्या बँडबरोबर पाच गाणी गायला. ‘आय डोन्ट नो’, ‘मिस्टर क्राउली’, ‘सुइसाइड सोल्युशन’, ‘मामा आय ॲम कमिंग होम’ आणि ‘क्रेझी ट्रेन’. पाचांतली चार ‘ब्लिझर्ड’मधली, १९८० च्या त्या चौघांची. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. चौघांतला डेझली तेवढा मागे आहे, त्या चारही गाण्यांचे शब्द लिहिणारा.