डॅशहुंड म्हणजे मुलांचे खेळणे नव्हे

जुळे सोलापुरात फ्लॅटसाठी कुत्रा शोधणाऱ्यांना ‘डॅशहुंड घ्या, बुटका आहे, मुलांनी कसाही उचलला तरी चालतो’ असे सर्रास सांगितले जाते, पण हा समज चुकीचा आहे. ही जात जर्मनीत बॅजर या बीळ खणून राहणाऱ्या प्राण्याच्या बिळात शिरून त्याला भिडण्यासाठी तयार झाली, त्यामुळे हट्ट, खणण्याची खोड आणि आकाराला न शोभणारा खणखणीत आवाज तिच्या रक्तातच आहे. त्याहून गंभीर बाब पाठीची: पाय आखूड ठेवणाऱ्या जनुकीय बदलामुळेच मणक्यांमधील चकत्या अकाली कठीण होतात आणि दिवाणावरून मारलेल्या एका उडीनेही चकती सरकून मागचे पाय लुळे पडू शकतात. म्हणून उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून पाठ आडवी ठेवावी. हे पाच वर्षांच्या मुलाला जमत नाही. वजन वाढले की मणक्यावरचा ताणही वाढतो. मुले जरा मोठी व समजूतदार असतील आणि जिने चढउतार करावे लागू नयेत म्हणून लिफ्ट असेल, तर मात्र हा कुत्रा घरात छान रुळतो.